वयाचा रकाना

गेल्या मे महिन्यात आमच्या सड्यावर मोटरसायकलींची शर्यत झाली. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं कातळाचं पठार. श्रावणात तिथे तेरडा फुलतो, मेमध्ये अनवाणी पाय टेकवत नाही. कुणीतरी जेसीबी आणून लाल मातीचे उंचवटे रचले होते, वळणांना जुने टायर लावले होते, आणि चाकरमानी आलेले असल्यामुळे बघ्यांना तोटा नव्हता. मोठ्यांच्या दोन फेऱ्या झाल्यावर निवेदकाने "आता आपले छोटे वाघ!" अशी आरोळी ठोकली आणि नऊ पोरं गाड्या ढकलत चुन्याच्या रेषेवर आली. त्यांतली दोन माझ्या शाळेतली. एक सहावीतला, एक आठवीतला.

मी गणिताचा मास्तर. वही दिसली की चाळायची सवय. नावनोंदणीच्या टेबलावर जाऊन बघितलं तर नाव, गाव, गाडीचा नंबर, मोबाईल, वय असे रकाने होते. नऊपैकी सात जणांच्या वयाचा रकाना कोरा होता. वहीला टाचलेल्या छापील कागदावर लिहिलं होतं की स्पर्धेदरम्यान काही बरंवाईट झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत, आणि खाली पालकाची सही. त्या मात्र नऊच्या नऊ होत्या.

"काय होत नाय वो मास्तर," टेबलावरचा पोरगा म्हणाला. तोही माझाच जुना विद्यार्थी. "बापूस उभा हाय ना बाजूला."

दुसऱ्याच वळणावर सहावीतला पडला. पडला तो आपल्याच चुकीने, पण त्याने काही मोठं बिघडलं नसतं. माती मऊ होती. त्याच्या मागचा वळवायला गेला आणि आडवा झाला. तिसऱ्याला थांबताच आलं नाही. त्याचं पुढचं चाक पहिल्याच्या मनगटावरून गेलं. मनगट मोडलं, एवढ्यावर निभावलं. जीपमधून ग्रामीण रुग्णालयात पोचायला पाऊण तास लागला, आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा पोरगा प्लास्टरवर वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन हिंडत होता. त्याच्या लेखी तो उन्हाळा फुकट गेला नव्हता.

मोटरच्या शर्यतीत उतरायला किमान वय असावं का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. असावं, असं माझं मत आहे, आणि ते पातळ करायची माझी तयारी नाही. फक्त ही अट आपण नको त्या जागी लावतो. पोराने गाडीवर कधी बसावं यावर आपण भांडत बसतो. तिसऱ्या पोराचं चाक पहिल्याच्या मनगटावरून जाईल अशी गर्दी कोणत्या वयात करू द्यायची, हे ठरवायला हवं.

आपला कायदा रस्त्यापुरता अगदी स्पष्ट आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात वयाच्या पायऱ्याच आहेत. ५० सीसीपर्यंतची मोटरसायकल १६व्या वर्षी, बाकीच्या गाड्या १८व्या वर्षी आणि वाहतुकीची गाडी २०व्या वर्षी. माझे वडील एसटीचे ड्रायव्हर होते. कुंभार्ली घाटात त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून मी लहानपणी हॉर्न वाजवला आहे, याहून जास्त काही त्यांनी कधी करू दिलं नाही. २० वर्षांची अट त्यांना जाचक वाटत नसे. गाडी एका वयात येते, पाठीमागे बसलेली पन्नास माणसं पुढच्या वयात कळतात, असं त्यांचं साधं गणित होतं. २०१९च्या दुरुस्तीने तर घरातल्या अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही, इतकं कडक कलम आलं. पुण्यातल्या मे २०२४च्या पोर्शे प्रकरणानंतर आणि त्या तीनशे शब्दांच्या निबंधानंतर हे कलम घराघरात माहीत झालं.

पण हे सगळं सार्वजनिक ठिकाणाबद्दल. आमच्या सहावीतल्या पोराची गाडी सड्यावर टेम्पोतून आली, कारण नाक्यावर पोलीस उभे असतात. रस्त्यावर ताशी वीसने चालवली असती तर बापाला दंड. कुणाच्या तरी कातळावर ताशी साठने, आठ जणांच्या गर्दीत, उंचवट्यावरून उडवली तर हार आणि ट्रॉफी.

हा विरोधाभास आमच्याच गावचा नाही, तो खेळाच्या शिखरापर्यंत पोचलेला आहे. मॅक्स व्हर्स्टॅपेन २०१५ साली ऑस्ट्रेलियात फॉर्म्युला वनच्या, म्हणजे मोटारींच्या सगळ्यात वरच्या मालिकेच्या, शर्यतीत उतरला तेव्हा १७ वर्षं १६६ दिवसांचा होता. त्याआधी सर्वांत लहान वयात उतरण्याचा विक्रम होता १९ वर्षं १२५ दिवसांचा, म्हणजे याने तो जवळपास दोन वर्षांनी खाली आणला. त्या दिवशी त्याच्याकडे साधा रस्त्यावर गाडी चालवायचा परवानाही नव्हता. तो त्याने अठराव्या वाढदिवशी काढला. हे पाहून एफआयए या मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६पासून नियम केला: किमान वय १८, रस्त्याचा परवाना हवाच, आणि खालच्या मालिकांमध्ये मिळवलेले ४० गुण हवेत.

इथे समोरची बाजू लगेच म्हणते, आणि रास्तच म्हणते, की याच पोराने २०१६मध्ये १८व्या वर्षी स्पेनची शर्यत जिंकली आणि पुढे २०२१ ते २०२४ सलग चार विश्वविजेतेपदं घेतली. मग नियम चुकला की पोरगा? माझ्या मते दोघंही नाही. एका व्हर्स्टॅपेनवरून नियम करायचा नसतो, जसा एका रामानुजनवरून दहावीचा गणिताचा पेपर काढायचा नसतो. हा मुलगा चार-साडेचार वर्षांचा असल्यापासून कार्ट, म्हणजे शर्यतीची छोटी उघडी चारचाकी, चालवत होता, आणि त्याचा बाप स्वतः फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर. २०१२मध्ये इटलीत कार्टिंगची एक मोठी शर्यत पोराच्या हातून गेली, तेव्हा भडकलेल्या बापाने परतीच्या वाटेवर त्याला पेट्रोल पंपावर उतरवून दिलं होतं. ही गोष्ट मॅक्सनेच सांगितलेली आहे. लोक ती कौतुकाने सांगतात, की बघा, असे घडतात चॅम्पियन. मला त्यात पंपावर उभं असलेलं पंधरा-एक वर्षांचं पोर दिसतं. ज्यांचे बाप असेच होते आणि जे चॅम्पियन झाले नाहीत, त्यांच्या मुलाखती कुणी घेतल्या नाहीत.

चारचाकीचं तरी एक बरं असतं. चालकाभोवती सांगाडा असतो, पट्टे असतात, २०१८पासून फॉर्म्युला वनमध्ये डोक्यावर ते टायटॅनियमचं कडं आलं. कार्ट तर जमिनीला चिकटून चालते. ती सहसा उलटत नाही आणि चालक गाडीखाली सापडत नाही. दुचाकीवर यातलं काहीही नाही. दुचाकीचा स्वार पडतो तेव्हा गाडीपासून सुटून मोकळा होतो, आणि मागची गाडी तिथूनच येणार असते. मोटरस्पोर्ट या एका शब्दाखाली आपण कार्ट आणि बाईक एकत्र कोंबतो आणि दोन्हींचं वय एकाच तागडीत तोलतो. इथेच पहिली चूक होते.

२०२१ साली मे ते सप्टेंबर या चार महिन्यांत युरोपातल्या मोटरसायकल शर्यतींत तीन कोवळे जीव गेले. मुजेलोला १९ वर्षांचा स्विस तरुण, आरागॉनला १४ वर्षांचा स्पॅनिश मुलगा, हेरेझला १५ वर्षांचा. तिन्ही वेळा घडलं ते एकच: स्वार पडला आणि मागून येणाऱ्या गाडीने त्याला धडक दिली. हेल्मेट, चामड्याचा पोशाख, रुग्णवाहिका, डॉक्टर, सगळं हजर होतं. मागून येणारी पोरं निष्काळजी नव्हती. पंचवीस-तीस गाड्या एकमेकींच्या वाऱ्यात लपत एका झुबक्यात धावत असतील तर समोर पडलेला माणूस दिसेपर्यंत तो चाकाखाली आलेला असतो. लहान इंजिनाच्या गाड्यांमध्ये हा झुबका मोठा असतो, कारण कुणाकडेच निसटून पुढे जाण्याइतकी ताकद नसते. म्हणजे लहान गाडी म्हणून सुरक्षित, हा आपला समज या बाबतीत उलटा पडतो.

त्याच वर्षी एफआयएम या मोटरसायकलच्या जागतिक संस्थेने मुलांच्या मालिकांची वयं वाढवली, गाड्यांची संख्या कमी केली आणि मोटो-थ्री या जागतिक मालिकेसाठी २०२३पासून किमान वय १८ केलं. कनिष्ठ मालिका जिंकणाऱ्यासाठी तेवढी १७व्या वर्षाची सवलत ठेवली. पुढे अनेकदा विश्वविजेता झालेला मार्क मार्केझ २००८मध्ये १५व्या वर्षी जागतिक मालिकेत आला होता. आजच्या नियमात तो अडला असता. अडला असता तर काय झालं असतं? दोन-तीन वर्षांनी आला असता आणि तेव्हाही जिंकलाच असता, असं मला वाटतं.

आणि मग चेन्नई. ५ ऑगस्ट २०२३ला मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर राष्ट्रीय मोटरसायकल शर्यतीत बंगळुरूचा १३ वर्षांचा मुलगा पडला आणि गेला. शर्यत नुकतीच सुटली होती. मुलगा हौशी नव्हता. त्याच वर्षी मिनीजीपीत चमकलेला, परदेशातही शर्यती केलेला, ज्याच्याकडे उद्याचा भारतीय स्वार म्हणून बघितलं जात होतं असा. मिनीजीपी ही १० ते १४ वर्षांच्या मुलांची मालिका. १६० सीसीच्या बुटक्या गाड्या आणि कार्टिंगचे छोटे ट्रॅक. तिथून निघून त्याच वयात मोठ्या गाडीवर, मोठ्या सर्किटवर, मोठ्या गर्दीत जायला आपल्याकडे वाट मोकळी होती. १३व्या वर्षी रस्त्यावर त्याला ॲक्टिव्हासुद्धा चालवता आली नसती.

वय खाली का सरकतं, हेही बघायला हवं. पोरांना घाई असते म्हणून, असं मोठी माणसं सांगतात. खरं कारण वजनाचं आहे. लहान इंजिनाच्या गाडीवर स्वाराचे दहा किलोही वेगात उतरतात, म्हणून तर मोठ्या मालिकांमध्ये गाडी आणि स्वार मिळून किमान वजन ठरवून द्यावं लागतं. हलकं शरीर हे ज्या खेळात भांडवल आहे, तिथे मोठ्यांचा हात लहान पोरांकडेच वळतो. आखाती देशांत उंटांच्या शर्यतीत पाकिस्तान, बांगलादेश, सुदानमधली चिमुरडी पाठीवर बांधली जायची ती यासाठीच. संयुक्त अरब अमिरातीने २००५मध्ये १८ची अट घातली आणि उंटांवर यंत्रमानव बसू लागले. शर्यती चालूच आहेत. उंटांनाही काही फरक पडलेला दिसत नाही.

एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या दहीहंडीतला एक्का बघा. सगळ्यात वरच्या थरावर सगळ्यात लहान पोर, कारण खालच्या खांद्यांना ते पेलतं. लालबाग-परळच्या पथकांमध्ये आमच्या कोकणातल्याच घरांची मुलं, त्यामुळे हा वाद आम्ही घरात बसून ऐकला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४मध्ये १८ वर्षं आणि २० फूट अशी मर्यादा घातली, २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ढिली करायला नकार दिला, २०१७मध्ये गाडी १४ वर्षांवर येऊन थांबली आणि उंचीची अट गेली. २०२२मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. प्रत्येक टप्प्यावर परंपरा बुडेल अशी ओरड झाली. परंपरा जागेवर आहे, थर दहापर्यंत लागतात, फक्त वर चढणारं पोर आठ वर्षांचं नसावं एवढंच मागणं होतं, आणि तेही पूर्ण पाळलं जात नाही. न पाळलेल्या नियमाचाही एक उपयोग होतो. त्यामुळे पडलेल्या पोराच्या आईला निदान बोट दाखवायला जागा मिळते. आमच्या सड्यावरच्या पोराच्या आईला ती नव्हती. तिच्याच नवऱ्याची सही होती.

वयाची रेघ मनमानी असते, हा आक्षेप मला मान्य आहे. आमच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला. पोर शाळेत घालायला आणलं की गुरुजी त्याला आडव्या हाताने कान धरायला लावायचे, हात पोचला की सहा वर्षं पूर्ण, तारीख १ जून. माझ्या थोरल्या भावाचा जन्म दिवाळीतला, कागदोपत्री तो उन्हाळ्यातला आहे आणि निवृत्तही त्याच हिशेबाने झाला. तेव्हा १७ वर्षं ३६४ दिवस अपात्र आणि दुसऱ्या दिवशी पात्र, यात शहाणपण नाही हे मला पुरेपूर ठाऊक आहे. पण पोरागणिक तपासून ठरवायचं म्हटलं तर तपासणार कोण? ज्याला ते पोर शर्यतीत हवं आहे, तोच. आखलेली रेघ मूर्ख असते, पण तिला कुणी विकत घेऊ शकत नाही.

विकत हा शब्द जड वाटत असेल तर हे बघा. २०२४च्या जूनमध्ये एफआयएने आपल्याच नियमात फट केली: असाधारण गुणवत्ता दिसली तर १७व्या वर्षीही परवाना देता येईल. इटलीच्या आंद्रेया किमी अँटोनेलीची तेव्हा जोरात चर्चा होती. त्याला ती सवलत लागलीच नाही. तो अठराचा झाला, २०२५मध्ये मेलबर्नला पदार्पणात चौथा आला, आणि वाट बघितल्याने त्याचं काहीही अडलं नाही. पुढे २०२५च्या जूनमध्ये रेड बुल या संघाच्या विनंतीवरून अर्विड लिंडब्लॅड या ब्रिटिश मुलाला ही सूट मिळाली. मुलगा गुणी आहे यात वाद नाही. पण तो अठराचा होणार होता ऑगस्टमध्ये. दोन महिन्यांनी! त्या दोन महिन्यांची घाई त्या मुलाला होती की संघाला, हे ज्याने त्याने ठरवावं. स्केटिंगच्या जागतिक संस्थेने २०२२मध्ये वय १५वरून १७वर न्यायचं ठरवलं, महिलांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये १९९७पासून १६ची अट आहे. बाकीचे खेळ वर सरकत असताना ज्यात माणूस मरतो तो खेळ अपवाद शोधत बसतो, याचं मला नवल वाटतं.

आता सगळ्यात दमदार आक्षेप. लवकर सुरुवात केली नाही तर हात बसत नाही. हे मी कोकणात राहून नाकारू शकत नाही. दालद्यांची, खारव्यांची, म्हणजे मासेमारांची, पोरं दहाव्या वर्षी होडीचा तोल सांभाळतात. अठराव्या वर्षी होडीत पहिल्यांदा पाय ठेवणारा उभ्या जन्मात तांडेल व्हायचा नाही. गाडीचंही तेच आहे. वळणावर भार कुठे टाकायचा, चाक सुटायला लागलं की बोटांना आधी कसं कळतं, हे तेराव्या वर्षी शिकलेल्याचं वेगळं आणि तिशीत शिकलेल्याचं वेगळं. शिवाय बंद ट्रॅकवर गाडी एकाच दिशेने जाते, समोरून डंपर येत नाही, मध्ये गुरं बसत नाहीत. बारा वर्षांचं पोर कार्टिंगच्या ट्रॅकवर जितकं सुखरूप आहे तितकं ते मुंबई-गोवा महामार्गावर मामाच्या स्कूटरवर मागे बसूनही नाही. म्हणून गाडीला हातच लावू नका म्हणणाऱ्यांच्यात मी नाही.

पण होडीवरचं पोर काय करतं ते नीट बघा. ते शिकतं, शर्यत लावत नाही. सोबत बाप असतो आणि बापाला घरी परत जायचं असतं.

यावर तोडगा आमच्याच मातीत आहे, आणि तो मला गेल्या जुलैत चिखलात उभं राहून सुचला. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात चिखल नांगरणीच्या स्पर्धा होतात. संगमेश्वर, लांजा, चिपळूण, कुठेही जा. घाटी बैलांचा गट वेगळा, गावठी बैलांचा वेगळा, गुडघाभर चिखल, आणि जोडी सुटते ती एकटी. दोन जोड्या शेजारी पळवत नाहीत. एक जोडी पळते, घड्याळ थांबतं, सेकंद पुकारले जातात, मग दुसरी. सगळ्यात कमी वेळ ज्याचा, तो पहिला. बैल उधळला तर बैल आणि नांगऱ्या, तिसरं कुणी त्यात सापडत नाही. कडेच्या गर्दीत घुसतो कधीकधी, ते सोडा. चुरस मात्र सेकंदाच्या भागांवर चालते आणि माणसं भर पावसात दिवसभर हलत नाहीत.

मुलांच्या मोटर शर्यती अशा का होऊ नयेत? माझं म्हणणं इतकंच आहे: दुचाकीवर १६ वर्षांपर्यंत मुलाने पळायचं ते एकट्याने, घड्याळाविरुद्ध. मार्ग तोच, उंचवटे तेच, पण मार्गावर एका वेळी एकच गाडी. सोळानंतर छोट्या ट्रॅकवर मोजक्या गाड्यांची एकत्र शर्यत, मोठ्या सर्किटवर आणि मोठ्या इंजिनावर १८ नंतरच. कार्टला मी थोडी सूट देईन. दहा-बाराव्या वर्षी लहान कार्टवर, मुलांसाठीच्या हलक्या हेल्मेटसह, कमी गाड्यांत एकत्र पळायला हरकत नसावी. आकडे वर्षभराने इकडेतिकडे झाले तर मी भांडायला येणार नाही. भांडेन ते दोन गोष्टींसाठी. एक, असाधारण गुणवत्तेची फट नको. दोन, बापाच्या सहीने वयाची अट उठता कामा नये. त्या कागदामुळे आयोजक सुटतो, पोराचं मनगट त्याने वाचत नाही.

घड्याळाविरुद्ध पळून ओव्हरटेक करायला कसं शिकणार, असं मला एका जाणकाराने विचारलं. नाहीच शिकणार, सोळापर्यंत. तेवढ्या बाबतीत आपली पोरं स्पेन-इटलीच्या पोरांच्या मागे राहतील, हे मी मान्य करतो आणि ते मला परवडतं. नारायण कार्तिकेयन २००५मध्ये फॉर्म्युला वनपर्यंत पोचला तेव्हा २८ वर्षांचा होता. त्याच्यानंतर करुण चंडोक आला, आणि मग रांग संपली. ती संपली ती आपली पोरं बाराव्या वर्षी एकमेकांना घासून पळत नव्हती म्हणून नाही. पैसा नव्हता, ट्रॅक नव्हते, आणि ग्रेटर नोएडाला बांधलेल्या सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीनच शर्यती होऊन फॉर्म्युला वन निघून गेलं. या दुखण्याला पोरांचं वय कमी करणं हे औषध नव्हे.

अजून एक गोष्ट, जी चेन्नईच्या किंवा युरोपच्या नियमावलीत येणार नाही, पण आमच्याकडे पहिली यायला हवी. मोठ्या सर्किटवर डॉक्टर गाडीत बसून तयार असतो, ट्रॅकवरच दवाखाना असतो. आमच्या सड्यावर १०८ला फोन लावायचा तर आधी नेटवर्क मिळेल असा दगड शोधावा लागतो. डोक्याला जबर मार लागला की इथला रुग्ण कोल्हापूरला किंवा मुंबईला जातो, सिंधुदुर्गातला असेल तर गोव्यात बांबोळीला. घाट, पाऊस, रस्त्याची कामं धरून चार तास, कधी सहा. ज्या वयाला पुण्याजवळच्या ट्रॅकवर परवानगी देता येईल त्याच वयाला आमच्या कातळावर देणं म्हणजे घाटातून उतरताना आणि सपाटीवर एकच गिअर ठेवणं. वडिलांनी असं करणाऱ्याला केबिनमधून उतरवलं असतं. रुग्णवाहिका जागेवर उभी नसेल तर मुलांचा गट होणारच नाही, ही अट मी वयाच्या अटीइतकीच महत्त्वाची मानतो, एखादेवेळी जास्तच.

यंदाच्या शर्यतीसाठी देवळात बैठक झाली. मी हे सगळं मांडलं, एवढं लांब नाही, पण मांडलं. प्लास्टरवाल्या पोराचा बापही होता. तो शेवटपर्यंत काही बोलला नाही. एकेक पोर सोडलं तर बघायला थांबणार कोण, असा मुद्दा निघाला, तेव्हा मी नांगरणीची आठवण करून दिली. त्यावर कुणाला लगेच उत्तर सुचलं नाही, पण नांगरणीत बैल असतात मास्तर, असं मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो. रुग्णवाहिकेचा खर्च मुंबई मंडळाने उचलावा यावर अर्धा तास गेला. शेवटी एवढं ठरलं की नव्या वहीत वयाऐवजी जन्मतारखेचा रकाना छापायचा आणि जन्मदाखल्याची झेरॉक्स जोडल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. मुलांना एकटं पळवायचं की एकत्र, ते शिमग्यानंतर बघू.